शालेय स्वच्छतागृह

शालेय स्वच्छतागृह म्हणजे शाळेच्या आवारातील शौचालये, मुताऱ्या व हात धुण्याची जागा आणि त्यांना लागणारी पाण्याची व मैल्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था. बोलीभाषेत यास मुतारी, संडास किंवा बाथरूम म्हटले जाते. शासकीय कागदपत्रांत स्वच्छतागृह वा प्रसाधनगृह हे शब्द आढळतात. 'शौच' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शुद्धता, निर्मळपणा असा आहे. त्या अर्थाने शौचालय हे शुद्धतेचे घर ठरते. प्रत्यक्षात शाळेच्या इमारतीतील सर्वांत अशुद्ध जागा बहुधा हीच असते.

शालेय स्वच्छतागृहाचा प्रश्न बराच काळ बांधकामाचा प्रश्न मानला गेला. गेल्या दोन दशकांत बहुतेक शाळांत बांधकाम झाले, तेव्हा बांधलेली स्वच्छतागृहे रोज वापरण्याजोगी ठेवणे हे अधिक अवघड काम असल्याचे स्पष्ट झाले. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील स्थितीचा आणि त्यातही देखभालीच्या अंगाचा विचार केला आहे. कोकण किनाऱ्यावरील परिस्थितीचे उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्यातील करंजा (ता. उरण) या गावाच्या परिसराचा उल्लेख केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गावातील जुन्या शाळा देवळात, चावडीवर किंवा एखाद्याच्या पडवीत भरत. त्यांना स्वतंत्र शौचालय असण्याचा प्रश्नच नव्हता. मुले ओढ्याकडे किंवा कुंपणाकडे जात. मुली शाळेत येत नसल्याने त्यांची सोय करण्याची गरज कोणास भासली नाही आणि पुढे मुली येऊ लागल्या तरी ती सवय तशीच राहिली. शहरांतील शाळांत टोपलीचे संडास असत व ते साफ करण्याचे काम एका विशिष्ट जातीकडे असे.

या व्यवस्थेला विचाराने व कृतीने आव्हान देणाऱ्यांची महाराष्ट्रातील परंपरा मोठी आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनाआधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडीत. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मैला सफाईचे काम आपणास मिळावे अशी मागणी केली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींनीही त्यांना पाठिंबा म्हणून उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी कमी खर्चाच्या, मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. हा नमुना 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला जातो. त्यांच्या कार्याचा वारसा देहू येथील डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी चालवला. ग्रामीण शौचालये व मैल्यापासून जैववायू या विषयांतील कार्याबद्दल त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. विनोबा भावे पवनारहून जवळच्या सुरगाव येथे खांद्यावर फावडे घेऊन नित्यनेमाने सफाईसाठी जात असत.

शिक्षणक्षेत्रात हा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आकाराला आलेल्या नयी तालीमच्या रूपाने आला. सेवाग्राम येथील शाळेत सफाई हा अभ्यासाचाच भाग होता. मुले आणि शिक्षक मिळून शौचालये साफ करीत आणि मैल्याचे सोनखत करून शेताला घालीत. सफाई करताना जंतू, खत व पाणी यांविषयीचे ज्ञान मिळे, अशी त्यामागील धारणा होती. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी विद्यार्थ्यांच्या खोल्या न सांगता झाडून ठेवीत, ते याच्या आधीच्या काळातील.

शासकीय पातळीवर महाराष्ट्रात २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले व त्याच्या जोडीने साने गुरुजी स्वच्छ शाळा स्पर्धाही घेतल्या गेल्या. केंद्र शासनाच्या निर्मल ग्राम पुरस्कारासाठी (२००३) गावातील शाळा व अंगणवाडीत शौचालय असणे ही अट होती. या पुरस्कारांत महाराष्ट्राचा वाटा देशात मोठा होता. पुरस्कार मिळाल्यानंतर त्या शौचालयांचे काय झाले, हा मात्र वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.

कायदे व निकष

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत मुलगे व मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि सुरक्षित व पुरेसे पिण्याचे पाणी या शाळेच्या किमान गरजा म्हणून नमूद आहेत. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सहा महिन्यांत शाळांतील पाणी व स्वच्छतागृहांची सोय पूर्ण करण्याचा आदेश दिला. १५ ऑगस्ट २०१४ रोजी लाल किल्ल्यावरील भाषणात पंतप्रधानांनी एका वर्षात सर्व शाळांत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बांधण्याचा संकल्प जाहीर केला. त्यातून 'स्वच्छ विद्यालय' हा उपक्रम सुरू झाला. वर्षभरात २,६१,४०० शाळांत ४,१७,७९६ स्वच्छतागृहे पूर्ण झाल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले.

या उपक्रमाच्या मार्गदर्शिकेनुसार ४० विद्यार्थ्यांमागे एक संच असावा व एका संचात एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या असाव्यात. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी उतरण, आधाराचे दांडे व रुंद दार असलेले एक स्वच्छतागृह, मुलींसाठी आडोसा, साबण, पाणी व कचऱ्याची सोय, तसेच माध्यान्ह भोजनापूर्वी दहा-बारा मुलांना एकाच वेळी हात धुता येतील अशी तोट्यांची रांग अपेक्षित आहे. भारतीय मानक ११७२ प्रमाणे दिवसा भरणाऱ्या शाळेसाठी दर विद्यार्थी दररोज ४५ लिटर पाणी धरले जाते. म्हणजे २०० पटाच्या शाळेला रोज ९,००० लिटर पाणी हवे. एक हजार लिटरची एक काळी टाकी आणि तीही एक दिवसाआड भरणारी, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना निकष आणि वास्तव यांतील अंतर वेगळे सांगावे लागत नाही.

निकष पूर्ण करणाऱ्या शाळेतही अडचण राहतेच. १२० मुलींमागे ३ शौचकूप व ९ मुताऱ्या, अशा एकूण १२ जागा होतात. एका मुलीस दोन मिनिटे लागतात असे धरले, तर दहा मिनिटांच्या लहान सुट्टीत प्रत्येक जागा पाच जणींना पुरते, म्हणजे साठ मुलींची सोय होते. उरलेल्या साठजणी एक तर वर्गात उशिरा पोहोचतात किंवा जातच नाहीत. त्यातील निम्म्या जागांना कुलूप असेल किंवा पाणी नसेल, तर संख्या तीसवर येते. लहान सुट्टीला मराठी शाळांत 'लघवीची सुट्टी' असेच नाव आहे, पण ती सर्वांना पुरेल असा हिशोब वेळापत्रक करताना क्वचितच केला जातो. इयत्तांनुसार सुट्टीच्या वेळा मागेपुढे करणे आणि तासाला करंगळी वर करणाऱ्या मुलास न ओरडता जाऊ देणे, हे दोन उपाय बिनखर्चाचे आहेत.

पाहण्यांतील निष्कर्ष

सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी स्वच्छ विद्यालय उपक्रमांतर्गत बांधलेल्या स्वच्छतागृहांची पाहणी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केली. तो अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. पाहणीत प्रत्यक्ष बांधलेली आढळलेल्या २,३२६ स्वच्छतागृहांपैकी ७२ टक्के ठिकाणी आत वाहत्या पाण्याची सोय नव्हती व ५५ टक्के ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती. रोज किमान एकदा सफाई करण्याचा निकष १,८१२ स्वच्छतागृहांत पाळला जात नव्हता. त्यांपैकी ७१५ स्वच्छतागृहे मुळीच साफ केली जात नव्हती आणि उरलेली आठवड्यातून दोनदा ते महिन्यातून एकदा अशा अंतराने साफ होत होती.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात शाळांतील स्वच्छतागृहे व मासिक पाळीच्या काळातील सोयी यांविषयी जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाच्या निर्देशानुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी अनुदानित शाळांना अचानक भेटी दिल्या. २३५ शाळांपैकी २०७ शाळांतील स्वच्छतागृहे अपेक्षित दर्जापेक्षा खालची आढळली. या भेटी अघोषित होत्या, हे येथे महत्त्वाचे आहे. घोषित तपासणीचे चित्र निराळे असते. शाळेत तपासणी आहे हे गावाला फिनेलच्या वासावरून आधीच कळते.

आरोग्यावरील परिणाम

घाणेरड्या स्वच्छतागृहाचा पहिला परिणाम म्हणजे मुले ते वापरणे टाळतात. सकाळी घरून निघालेली मुलगी संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत लघवी रोखून धरते आणि तशी वेळ येऊ नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. लघवी वारंवार रोखल्याने व पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता व डोकेदुखी उद्भवते. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने संसर्गाचा धोका त्यांना अधिक असतो. तक्रार पोटात दुखण्याची असते, त्यामुळे कारण स्वच्छतागृहात आहे हे पालकांच्या लक्षात येत नाही.

दुसरा परिणाम हातांवाटे होतो. शौचानंतर साबणाने हात न धुतल्यास अतिसार, विषमज्वर, कावीळ (अ प्रकारची) व जंत यांचा प्रसार होतो. १० फेब्रुवारी या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून मुलांना अल्बेंडाझोलच्या गोळ्या दिल्या जातात. गोळीने पोटातील जंत मरतात, परंतु मुतारीबाहेर साबण नसेल तर पुढील फेरीपर्यंत जंत पुन्हा होतात. हात धुण्यास किमान वीस सेकंद लागतात. साबणाची वडी चोरीस जाते किंवा चिखलात पडते, अशी शाळांची तक्रार असते. त्यावर जाळीच्या पिशवीत वा जुन्या मोज्यात वडी घालून ती तोटीला बांधणे, अथवा झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीत साबणाचे पाणी ठेवणे हे उपाय अनेक शाळांत रूढ झाले आहेत.

मासिक पाळी

पाळीच्या चार दिवसांत अनेक मुली शाळा बुडवतात. त्याची कारणे लाजेइतकीच व्यवहाराचीही असतात. दाराला आतून कडी नसणे, आत खुंटी नसल्याने कपडे हातात धरावे लागणे, पाणी बाहेरून बादलीने न्यावे लागणे, वापरलेले पॅड टाकण्यास डबा नसणे, यांपैकी एक उणीवही पुरेशी ठरते. नवे दार बसवण्याइतका निधी नसेल तेव्हाही कडी बसवता येते. तरीही तुटलेली कडी वर्षानुवर्षे तशीच राहते, कारण ती तुटल्याची तक्रार करण्याचा मुलींना संकोच वाटतो आणि तपासणाऱ्या पुरुष अधिकाऱ्यास दार आतून लावून पाहण्याचे सुचत नाही.

महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू केली. तीत जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वयोगटातील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांस देण्याची तरतूद होती. वापरलेल्या पॅडसाठी काही शाळांत विजेवर चालणारी दाहकयंत्रे बसवली गेली. पुरेसे तापमान न गाठणाऱ्या यंत्रातून धूर व दुर्गंधी सुटते आणि मग ते बंद पडते. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा कागदात नीट गुंडाळून स्वतंत्रपणे देणे अपेक्षित आहे. झाकणाचा डबा, शेजारी रद्दी वर्तमानपत्राचे तुकडे आणि डबा रोज रिकामा करणारी ठरलेली व्यक्ती, एवढी व्यवस्था यंत्रापेक्षा अधिक टिकते.

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळल्यानंतर मुलींची अपमानास्पद तपासणी केल्याचा आरोप झाला व पोलिसांनी गुन्हा नोंदवला. डाग पुसण्यास पाणी व पॅड टाकण्यास डबा आहे किंवा नाही, हा प्रश्न त्या वेळच्या चर्चेत फारसा विचारला गेला नाही.

सुरक्षितता

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेच्या स्वच्छतागृहात लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार उघडकीस आली व राज्यभर संताप व्यक्त झाला. त्यानंतर शासनाने शाळांसाठी कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, दृश्य-देखरेख कॅमेरे इत्यादींबाबत सूचना काढल्या. मुलींच्या व बालवर्गाच्या स्वच्छतागृहाचे काम महिला कर्मचाऱ्यांकडेच असावे, ही मागणी पुढे आली. जागेची निवडही महत्त्वाची आहे. वासाच्या भीतीने स्वच्छतागृह आवाराच्या टोकाला, इमारतीमागे बांधण्याची पद्धत आहे. ती जागा शिक्षकांच्या नजरेआड राहते. स्वच्छतागृह स्वच्छ राहिले तर ते वर्गाजवळ बांधता येते. या अर्थाने स्वच्छता हा सुरक्षिततेचाही भाग आहे.

सफाई कोणी करावी

शालेय स्वच्छतागृहांच्या देखभालीतील सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत शिपाई किंवा सफाई कामगार नसतो. खासगी अनुदानित माध्यमिक शाळांत चतुर्थश्रेणी कर्मचारी असत. परंतु डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार रिक्त होणाऱ्या अशा पदांऐवजी शिपाई भत्ता देण्याचे धोरण ठरले. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान मिळते व त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची असते. २५,००० रुपये अनुदान मिळणाऱ्या शाळेस त्यानुसार वर्षाला २,५०० रुपये उपलब्ध होतात. शिक्षण हक्क अधिनियमानुसार प्राथमिक शाळेचे वर्षात २०० दिवस कामकाज धरले, तर दिवसाला साडेबारा रुपये होतात. त्यात फिनेल, ब्रश, साबण आणि सफाई करणाऱ्याची मजुरी बसवावयाची असते.

परिणामी सफाई होत नाही, किंवा मुलांकडून करवून घेतली जाते. याबाबत दोन टोकांची मते आहेत. जपानमधील शाळांत मुले रोज वर्ग, व्हरांडे आणि पुष्कळ ठिकाणी स्वच्छतागृहेही स्वतः साफ करतात व त्यातून जबाबदारीची भावना वाढते, असे एका बाजूने सांगितले जाते. सेवाग्रामचा दाखलाही दिला जातो. दुसऱ्या बाजूने, ज्या समाजात मैला सफाई शतकानुशतके जातीवर लादली गेली तेथे 'मुलांनी साफ करावे' याचा अर्थ प्रत्यक्षात 'कोणत्या मुलांनी' असा होतो, हे निदर्शनास आणले जाते. हा आक्षेप काल्पनिक नाही. दलित विद्यार्थ्यांनाच संडास धुण्यास लावल्याच्या तक्रारी देशाच्या अनेक राज्यांतून वेळोवेळी नोंदल्या गेल्या आहेत. जातीवरून असे काम लादणे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ खाली गुन्हा ठरू शकते आणि शिक्षा म्हणून संडास धुवायला लावणे शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ मधील शारीरिक शिक्षा व मानसिक छळाच्या मनाईत येते.

दोन्ही बाजूंचा मेळ घालताना सेवाग्रामचा एक तपशील बहुधा विसरला जातो. तेथे शिक्षक मुलांच्या बरोबरीने व आधी काम करीत. ज्या शाळेत गुरुजी व बाई खराटा हातात घेत नाहीत, त्या शाळेने नयी तालीमचे नाव सांगू नये. शौचकूप घासणे, रसायने हाताळणे व तुंबलेली नळी मोकळी करणे ही कामे मोबदला व साधने देऊन प्रौढांकडूनच करून घ्यावीत. वापरानंतर पाणी ओतणे, तोटी बंद करणे, साबण-पाण्यावर लक्ष ठेवणे ही कामे सर्व मुलांनी पाळीपाळीने करावीत, अशी विभागणी योग्य ठरते. अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळातील आरोग्यमंत्री वा स्वच्छतामंत्री हे काम पाहतात. हे खाते मुलगा व मुलगी अशा दोघांकडे असणे सोयीचे असते, कारण एकट्याला निम्म्या खात्याची पाहणीच करता येत नाही.

निधीसाठी ग्रामपंचायत हा महत्त्वाचा मार्ग आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के रक्कम बंधित असून ती स्वच्छता व पिण्याचे पाणी यांवर निम्मी-निम्मी खर्च करावयाची होती. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक व निम्म्या सदस्य महिला असतात. समितीने ठराव करून ग्रामपंचायतीकडे सफाई कामगाराची अर्धवेळ सेवा मागितल्याने अनेक गावांत हा प्रश्न सुटला आहे.

सफाईची पद्धत

मुतारीचा उग्र वास अमोनियाचा असतो. लघवीतील युरियाचे जीवाणूंमुळे विघटन होऊन तो तयार होतो. लघवी वाहून गेली तर वास येत नाही. साचली तरच येतो. म्हणून वासावरचा मुख्य उपाय उतार व पाणी हा आहे. फिनेलने वास झाकला जातो, मळ निघत नाही. मुतारीत व भांड्यावर बसणारा पिवळट थर क्षारांचा असतो. तो रोज ब्रशने घासल्यास बसतच नाही, परंतु एकदा घट्ट झाला की अॅसिडशिवाय निघत नाही. अॅसिडने फरशीच्या सांध्यांतील सिमेंट व भांड्याची झिलई खराब होते आणि खरबरीत पृष्ठभागावर मळ अधिक वेगाने धरतो. अॅसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद, कोंदट स्वच्छतागृहात तो प्राणघातक ठरू शकतो. सफाई करणाऱ्यास रबरी हातमोजे, बूट व तोंडाला आवरण देणे आवश्यक आहे. स्वच्छतागृहाचा खराटा, बादली व फडके वर्गासाठी वापरू नयेत.

सफाई दिवसातून दोनदा, शाळा भरण्यापूर्वी व मोठ्या सुट्टीनंतर, करणे इष्ट. दाराच्या कड्या व तोट्यांच्या मुठी पुसणे बहुधा राहून जाते, वास्तविक सर्वाधिक हात तेथेच लागतात.

ग्रामीण शाळांसाठी दोन खड्ड्यांचे शौचालय सुचवले जाते. त्याचे भांडे तीव्र उताराचे असून पाणसापळ्यात २० मिलिमीटर पाणी राहते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. एक खड्डा वापरात असताना दुसरा बंद ठेवावयाचा असतो व भरलेला खड्डा किमान दीड-दोन वर्षे विसावा देऊन मग उपसावयाचा असतो. गवंड्याने मधल्या कुंडीतील दोन्ही तोंडे उघडी ठेवणे ही नेहमीची चूक आहे. तसे झाल्यास दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतात. अशा खड्ड्यांत व सेप्टिक टाकीत ब्लीचिंग पावडर फार गेल्यास मैला कुजवणारे जीवाणू मरतात. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसावी लागते. तीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या अधिनियमाने प्रतिबंधित आहे.

करंजा व खाडीकाठच्या गावांची परिस्थिती

करंजा हे उरण तालुक्यातील द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी, धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले मच्छीमारांचे गाव आहे. येथून पलीकडे रेवसला जलवाहतूक चालते. गाव चाणजे ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते. ब्रिटिश काळात उरण हा पनवेल तालुक्याचा भाग होता व जुन्या कागदपत्रांत हे सारे बेट करंजा नावाने ओळखले जाई. मिठागरे, खारपाट जमीन आणि कोळी वस्ती ही या पट्ट्याची ओळख.

अशा गावांत स्वच्छतागृहाच्या देखभालीला काही खास अडचणी असतात. विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असते. त्यात साबणाला फेस येत नाही व भांड्यांवर क्षारांचा थर लवकर बसतो. नळाचे पाणी धरणातून येते (उरणला मुख्यतः रानसईचे) आणि उन्हाळ्यात त्यात कपात होते. पिण्यासाठीच पाणी जपून वापरावे लागते तेव्हा पहिली कात्री स्वच्छतागृहाच्या पाण्याला लागते. उपाय म्हणून दोन वेगळ्या टाक्या ठेवाव्यात. मचूळ पाणी शौचकूप धुण्यास चालते. गोडे पाणी पिण्यास व हात धुण्यास राखावे. पावसाळ्यात शाळेच्या छपरावरून पडणारे पाणी टाकीत घेतल्यास जून ते सप्टेंबर स्वच्छतागृहाची चिंता उरत नाही.

खाऱ्या हवेने लोखंडी बिजागऱ्या, कड्या व पत्र्याची दारे दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात. म्हणून दारे फायबर वा पीव्हीसीची आणि कड्या पितळी किंवा गंजरोधक पोलादाच्या असाव्यात. अंदाजपत्रक राज्यभर एकाच नमुन्याचे असल्याने ही बाब सहसा धरली जात नाही.

सर्वांत मोठी अडचण जमिनीखाली असते. शोषखड्ड्याचा तळ भूजलपातळीच्या किमान दोन मीटर वर असावा, असा संकेत आहे. तसे नसल्यास पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून तो दहा मीटर दूर असावा. खारपाटात पावसाळ्यात पाणी हातभर खोलीवर लागते आणि उधाणाच्या भरतीला ते आणखी चढते. खड्ड्यातील पाणी मुरण्याऐवजी उलटे वर येते व भांडी तुंबतात. अशा जागी खड्डे जमिनीच्या वर चौथऱ्यावर उचलून बांधणे, त्यांचा तळ बंद करणे आणि भोवती अर्धा मीटर जाडीचा वाळूचा थर देणे हा शास्त्रीय उपाय आहे. शौचालय त्यामुळे पाच-सहा पायऱ्या उंच होते व दिव्यांग मुलांसाठी लांब उतरण करावी लागते, हे नियोजनातच धरावे लागते.

दीर्घ सुट्टीनंतरची तयारी

मे महिन्याच्या सुट्टीत पाणसापळ्यातील पाणी आटते. खड्ड्यातील वायू व डास त्यामुळे मोकळेपणी वर येतात, आणि जूनमध्ये शाळा उघडताच येणारी दुर्गंधी हे त्याचे कारण असते. सुट्टी लागताना प्रत्येक भांड्यात बादलीभर पाणी ओतून वर थोडे खाद्यतेल टाकल्यास बाष्पीभवन मंदावते. सेप्टिक टाकीच्या वायुनळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी टाकी रिकामी करून घासावी, सर्व तोट्या काही मिनिटे वाहू द्याव्यात, पहिल्या पावसाने खड्ड्यांची झाकणे खचली नाहीत ना हे पाहावे, आणि प्रत्येक दार आत जाऊन, कडी लावून तपासावे.